भरतीआधीची दिवाळी

जमनाने सुरूच्या झाडाखाली गोधडी अंथरली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर एकेक चप्पल ठेवली.

“लोक दिवाळीला पणत्या मांडतात, आये. आपण चपला,” शितल म्हणाली.

“तोंड कमी चालव. डबा उघड.”

शितलचा बाप सुक्या हसला, पण जरा उशिराच. नारळी पौर्णिमेपासून तो गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. राहणं, जेवणं, झोपणं, सगळं बोटीवरच. मशीन बिघडलं म्हणून बोट काल डहाणूच्या बंदराला लागली होती आणि आज दुपारच्या भरतीला सुटणार होती. बोट चालवणाऱ्या तांडेलाने त्याला फक्त सकाळ दिली. तेवढ्यात तलासरीला घरी जाऊन परत येणं जमणारं नव्हतं, म्हणून मायलेकी दिवाळी डब्यात भरून जीपने समुद्रावर आल्या होत्या.

हळदीच्या पानात उकडलेल्या काकडीच्या सावेल्या अजून कोमट होत्या. सुक्याने ताट दोन गुडघ्यांत आवळून धरलं.

“बा, ताट पळत नाय. ही जमीन आहे.”

“तुला जमीन. मला अजून सगळं हलतंय.”

“झोप मिळते का तिथं?” जमनाने विचारलं.

“जाळं पाण्यात असतं तेवढा वेळ.”

परवाच शितलने शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलं होतं. आजचंही भाषण तिने जीपमध्ये पाठ केलं होतं: बोट सोड, बोर्डीला चिकूच्या वाडीत काम बघ, घरी राहा. एकूण तीन मुद्दे. तिने घसा साफ केला, तोवर अर्धी सावेली हातात तशीच धरून सुक्या आडवा झाला होता.

“पाणी त्या काळ्या खडकाला लागलं की उठव मला. बंदर पंधरा मिनटांवर आहे. नाय पोचलो तर तांडेल दुसरा माणूस घेईल. तसं बोललाय तो.”

“उठवते,” शितल म्हणाली.

पाणी सावकाश चढत आलं आणि खडकाला लागलं. शितलने बापाच्या खांद्याकडे हात नेला, तो तिथेच थांबला. तिने आईकडे पाहिलं. जमना वाळूने डबा घासत होती. तिनेही खडक पाहिला. मग डबा उचलून वर झाडाच्या मुळाशी ठेवला, आणि आपली सावली सुक्याच्या तोंडावर पडेल अशी सरकून बसली.

खडक दिसेनासा झाला. बंदराकडून बोटीचा भोंगा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा.

सुक्याचे डोळे मिटलेलेच होते.

“पाणी कुठवर आलं गं?”

शितलच्या घोट्यांना फेस लागत होता.

“लांब आहे अजून, बा.”

तो काही क्षण ऐकत राहिला. लाट गोधडीच्या टोकापाशी येऊन फुटली.

“बरं,” तो म्हणाला, आणि भिजू नयेत म्हणून पाय पोटाशी घेऊन कुशीवर वळला.