पुस्तकाची घोडी

भिमाजीचे हात गेले त्या दिवशी साखर कारखान्यातला ऊस पिळायचा चरक फक्त वीस मिनिटं थांबला. मग पुन्हा भोंगा झाला, आणि चरकाखाली साचलेला रस, त्यात जे काही मिसळलं होतं त्याच्यासकट, टाकीत सोडला गेला. कुणीतरी म्हणालं, "एवढ्या रसात काय कळतंय?" लालमहंमद सुतार तिथंच उभा होता. तो भिंतीमागं गेला आणि भडभडून ओकला. पुढं कितीतरी दिवस मळीचा वास आला की त्याच्या घशाशी यायचं. घरी बायकोनं, जहिरानं, चहा पुढं केला की तो म्हणायचा, "साखर नको." का, ते सांगायचा नाही.

कोपरगाव तालुक्यातला तो कारखाना. साल सेहेचाळीस, गळीत ऐन भरात. भिमाजी गव्हाणीवर होता. गाड्यांतून आलेला ऊस गव्हाणीवरून सरकत चरकात जायचा. त्या दिवशी एक मोळी आडवी अडकली, ती सरळ करायला त्यानं हात घातले आणि चरकानं बोटं ओढली. कुणीतरी धावत जाऊन यंत्र बंद केलं म्हणून हात मनगटापर्यंतच चिरडून बाहेर निघाले. नगरच्या दवाखान्यात तीन महिने काढून तो परत आला, तेव्हा बोटं वाळल्या शेंगांसारखी आत वळली होती. खांदा चालायचा, कोपर चालायचं. चिमूट मात्र जुळायची नाही.

चरकाच्या तोंडाशी आधी एक आडवी फळी होती. माणसाचा हात पुढं जाऊ नये म्हणून लालमहंमदानंच ती बसवलेली. अपघाताच्या आठ दिवस आधी फोरमन म्हणाला, "ऊस अडतोय हिच्यामुळं. काढ ती."

"साहेब, कुनाचा तरी हात जाईल."

"देवानं डोळे दिलेत माणसाला. काढ म्हटलं ना!"

लालमहंमदानं चार बोल्ट सोडले आणि फळी काढली. अपघातानंतर मॅनेजर साहेबांनी कारखान्यातल्या कारखान्यातच चौकशी केली. त्याला विचारलं, "तिथं फळी होती का?" फोरमन बाजूलाच उभा होता. लालमहंमद म्हणाला, "ठावं न्हाई साहेब." कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. घरी येऊन त्यानं साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, तरी जेवायला बसला तेव्हा घास तोंडाशी नेववेना.

भिमाजीला बघायला जायचं तो टाळत होता. शेवटी एका दुपारी गेला. चाळीतली ती खोली कारखान्याचीच. बनुबाई, भिमाजीची बायको, कामावर गेली होती. भिमाजी जमिनीवर पालथा पडून एक पुस्तक वाचत होता. पान संपलं की जीभ बाहेर काढायचा, कागदाला चिकटवायचा आणि मान वळवून पान उलटायचा. पुस्तकाचे कोपरे लाळेनं फुगून काळे पडले होते. ओठांना शाई, हनुवटीवरून ओघळ. लालमहंमदाला शिसारी आली. ती आली याची लाज वाटली, पण आली ती आलीच.

"असं काय बघतोस?" भिमाजी म्हणाला. "हात गेलं, आता जिभेला कामाला लावलंय."

"कुनी वाचून दावत न्हाई का?"

"आधी मी सगळ्या चाळीला पेपर वाचून दावायचो. आता मला कोन दावतंय? एक-दोघं आले. पन हे पुस्तक बघितलं की उठून जात्यात."

पुस्तक कारखान्यांच्या कायद्याचं होतं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक गिरणी कामगार होता, त्यानं दिलेलं. कारखान्याच्या चाळीत बसून ते मोठ्यानं वाचायची कुणाची छाती नव्हती. शाळेच्या मास्तरांनी अर्धं पान वाचलं आणि पोटात दुखतंय म्हणून निघून गेले.

"यात यंत्राला आडोसा असावा असं कुठंतरी लिवलंय म्हनत्यात," भिमाजी म्हणाला. "मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचं हाय. पन पानं चिकटत्यात रे. चार पानांत दिवस जातोय."

दुसऱ्या दिवसापासून सुट्टी झाली की लालमहंमद लाकडाचे तुकडे घेऊन बसू लागला. कुराण ठेवायच्या रेहाली त्यानं पुष्कळ केल्या होत्या, तेव्हा पुस्तक तिरकं उभं राहील अशी घोडी करणं अवघड नव्हतं. अवघड होतं पान. पहिल्यांदा त्यानं दातात धरायची काडी केली. तिच्यावरून लाळ गळत थेट पुस्तकावर पडायची, आणि अर्ध्या घटकेत भिमाजीचा जबडा दुखून यायचा. ती काडी दोघांनी मिळून चुलीत घातली.

मग त्याला कोपर आठवलं. त्यानं चामड्याचा एक पट्टा केला, भिमाजीच्या हातावर मनगटाच्या वर बसेल असा. पट्ट्याला बोटभर लांब काठी, काठीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. हात नुसता सरकवला की रबर पानाला धरायचं आणि पान उचलायचं. पण हात काढला की पान परत यायचं. त्यासाठी त्यानं सायकलच्या दोन तारा वाकवून पानांवर दाबून बसवल्या आणि त्यांना सुतळीनं खाली एका फळकुटाशी जोडलं. फळकुटावर पाय दिला की तारा वर उठत. पान उलटून पाय काढला की पुन्हा बसत. महिनाभर खटाटोप चालला. भिमाजी रोज खोड काढायचा: तार जड हाय, उतार कमी कर, पाय अवघडतोय. कधी कौतुकाचा शब्द नाही, कधी हसून बोलणं नाही. लालमहंमदाला वाटायचं, दुखणाईत माणूस आहे.

ज्या दिवशी भिमाजीनं ओळीनं दहा पानं उलटली, त्या दिवशी बनुबाई दारातच बसून रडली. चाळभर बोभाटा झाला, आणि तो मॅनेजर साहेबांच्या कानावर गेला.

सरकारी खात्याचे एक बडे साहेब कारखाना बघायला येणार होते. मॅनेजरनं लालमहंमदाला बोलावलं. "हे असं फळकुटाचं नको. सागवानी कर, पॉलिश मार. पुढं पितळी पट्टी लाव." पट्टीवर काय कोरायचं ते कागदावर लिहून दिलं होतं. कारखान्याचं नाव, त्याखाली मॅनेजरचं नाव, त्याखाली 'कामगारांच्या कल्याणार्थ'. लालमहंमदानं जुनी घोडी मोडून तिच्या तारा नि पट्टा सागवानीला चढवला, आणि पितळी पट्टी चिंच लावून घासून पिवळीधमक केली. तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं, तेव्हा तो पचकन थुंकला.

बडे साहेब आले. मांडव घातला होता, पेढे होते, हार होते. मधोमध सागवानी घोडी आणि तिच्यापुढं नवा सदरा घातलेला भिमाजी. त्याच्या वाकड्या बोटांवरही कुणीतरी हार ठेवला होता, फोटोत चांगला दिसावा म्हणून. पुस्तकाच्या जागी छापील तीन पानं लावली होती. भिमाजीनं पायानं तारा उचलल्या, रबरानं पानं उलटली आणि खणखणीत आवाजात वाचलं: माझ्या चुकीमुळं माझे हात गेले, तरी कारखान्यानं मला लेकरासारखं सांभाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनं रुमाल डोळ्यांना लावला, मग त्याच रुमालानं पेढ्याचे हात पुसले. बडे साहेब म्हणाले, "वा! कल्पना कुणाची?" मॅनेजर मान खाली घालून हसला. लालमहंमद मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याला भिमाजीचीही किळस आली.

"वाचलंस कसं रे ते?" संध्याकाळी त्यानं विचारलं.

"न्हाई वाचलं तर खोली खाली कर म्हनले. बनुबाईला घेऊन जाऊ कुठं?" भिमाजी भिंतीकडं बघत बोलला. "वाचून आल्यावर चूळ भरली. तरी तोंडाची चव जाईना."

दुसऱ्या दिवशी स्टोअरचा कारकून दोन हमाल घेऊन आला आणि घोडी पट्ट्यासकट उचलून घेऊन गेला. सागवान कारखान्याचं, पितळ कारखान्याचं. ती मॅनेजरच्या बंगल्यावर गेली. चार दिवसांनी लालमहंमद खिडकीची कडी बसवायला बंगल्यावर गेला, तर साहेब आरामखुर्चीत पसरले होते. एका हातात कोंबडीची तंगडी, दुसरा हात रश्शानं बरबटलेला, आणि पुढं घोडीवर मासिक. पायानं तारा उचलायच्या, हाताला पट्टा बांधून कोपर सरकवायचं. पितळी पट्टीवर तुपकट ठसे उमटले होते.

"झकास केलंयस हां," साहेब तोंडातलं चावत म्हणाले. "हात खराब असले तरी वाचता येतं."

लालमहंमद कडी तशीच टाकून बाहेर पडला.

त्यानं बाजारातून चहाची रिकामी खोकी आणली. त्या हलक्या फळ्यांची, मोडक्या सायकलीच्या तारांची आणि सुतळीची दुसरी घोडी दोन दिवसांत केली. सागवानीपेक्षा ती हलकी झाली, पायालाही सोपी. ती घेऊन तो भिमाजीच्या खोलीवर गेला, पुस्तक लावलं, नवा पट्टा बांधला. मग त्याला पुढं राहवेना.

"भिमाजी, चरकापुढची फळी मीच काढली. फोरमननं सांगितलं आनि मी काढली. चौकशीत खोटं बी बोललो."

भिमाजीनं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "ठावं हाय."

"कवापासनं?"

"दवाखान्यात जायच्या आधीपासनं. फळी नव्हती हे काय मला दिसत न्हवतं? आनि बोल्ट कोन सोडनार, तुझ्याशिवाय?" त्यानं पान उलटलं. "तू पट्टा बांधायचास तवा रोज अंगावर झुरळ चढल्यागत व्हायचं. पन मला वाचायचं हुतं. म्हनून बांधून घ्यायचो."

बनुबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती.

"मी काय करू आता?" लालमहंमदानं विचारलं.

"हे वाच." भिमाजीनं हाताच्या काठीनं एक ओळ दाखवली. चालत्या यंत्राला आडोसा नसेल तर जबाबदारी मालकाची, असं तिथं स्वच्छ छापलं होतं. "माझ्यानं लिवनं व्हत न्हाई. तू लिव. त्या बड्या साहेबाला. मी सांगतो."

लालमहंमदाचं अक्षर गिचमीड. दोन पानांच्या अर्जाला तीन दुपारी लागल्या. फळी कुणाच्या सांगण्यावरून कुणी काढली, हे त्यात लिहिलं; भिमाजीनं मांडवात वाचलेलं खोटं होतं आणि ते का वाचलं, हेही लिहिलं. खाली लालमहंमदानं सही केली आणि अर्ज स्वतः कोपरगावच्या टपालात टाकला.

दोन महिन्यांनी सरकारी माणूस आला, गव्हाण बघून गेला. पुढच्या गळिताला चरकापुढं फळी बसली, लोखंडी. फोरमनला कुणी काही केलं नाही. लालमहंमदाला कामावरून काढलं, भिमाजीची खोली गेली. बनुबाईच्या माहेरी, पाथर्डीकडं, ती दोघं निघून गेली. जाताना घोडी बैलगाडीत सगळ्यात वर बांधली होती. भिमाजीनं लालमहंमदाचा निरोप घेतला नाही.

लालमहंमदानं कोपरगावात लहानसं दुकान टाकलं. खाटा, पाळणे करायचा. कुणाचे हात लुळे पडलेत असं कळलं की खोक्याच्या फळ्यांची घोडी करून द्यायचा, आणि तिच्यावर नाव मात्र कुणाचंच घालायचा नाही. वर्षा-दीड वर्षानं पाथर्डीकडून एक कार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात. खुशाली नव्हती, नमस्कार नव्हता. 'रबर झिजलं आहे. तार एका बाजूला कलते, ती कशी सरळ करायची ते कळव. इथे आणखी एकाला घोडी पाहिजे, त्याची बोटं गेलीत, डावा हात तेवढा खांद्यापासून चालतो, उजवा नाही.'

लालमहंमदानं कार्ड दोनदा वाचलं, हातातला पाळणा बाजूला ठेवला आणि कागदावर डाव्या हाताच्या माणसाची घोडी काढायला बसला.