दहा चाळीसचे धक्के

कचेरीत त्याला सगळे कदाचितराव म्हणत. चहा घेणार का, या प्रश्नालाही तो 'कदाचित' म्हणे, आणि त्यात त्याचा फारसा दोष नव्हता. ज्याने पंचवीस वर्षं भूकंपाचा धोका मोजण्यात घालवली, त्याच्या तोंडी 'नक्की' हा शब्द येणार कुठून? भूकंप कधी होईल हे कुणालाच सांगता येत नाही. येत्या पन्नास वर्षांत अमुक जोराचा हादरा बसण्याची शक्यता दहात एक आहे, एवढंच फार तर सांगता येतं. आणि तेवढं सांगायलाही जुन्या दप्तरांपासून नव्या यंत्रांपर्यंत सगळीकडे नाक खुपसावं लागतं.

त्याच्या थोरल्या बहिणीला, ताईला, 'कदाचित' हा शब्द मुळी चालतच नसे. ती मुख्याध्यापिका होती. सव्वातीनशे मुलं, तीन मजल्यांची विटांची जुनी इमारत, आणि भिंतींना अशा भेगा की एखादीत फूटपट्टी बसावी. एकदा बसलीही होती, ती अजून निघालेली नाही. इमारतीला आधार द्या, म्हणून ताई अकरा वर्षं नगरपालिकेला पत्रं लिहीत होती. अकरा वर्षं एकच उत्तर येई: आपली शाळा धोक्याच्या नकाशात पिवळ्या पट्ट्यात येते, तांबड्या पट्ट्यात आल्यास विचार करू.

आणि यंदा नवा नकाशा करायचं काम आलं कदाचितरावाकडे.

कच्चा नकाशा तयार झाला तेव्हा शाळा तांबड्यात होती. नियमाप्रमाणे त्याने कुणाला सांगायला नको होतं, पण ताईपुढे नियमांची काय टाप? फोनवर ऐकून ती म्हणाली, "शहाणा गं माझा भाऊ तो." पन्नास वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली. तो दिवसभर शीळ घालत होता.

शाळा तांबड्यात गेली ती बारीक धक्क्यांमुळे. या धंद्यातला एक जुना अनुभव आहे. एखाद्या भागात मोठा भूकंप एक होत असेल, तर एक पायरी लहान असे दहा होतात आणि आणखी एक पायरी लहान असे शंभर. म्हणून लहान मोजायचे आणि मोठ्यांचा अंदाज बांधायचा. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्याखालच्या कोठीत त्याने एक कंपनयंत्र बसवलं होतं. कोठीला कुलूप होतं, वीज होती आणि किल्ली ताईकडे होती, यापलीकडे जागेची काही थोरवी नव्हती. त्या एकट्या यंत्राने पावणेचारशे बारीक धक्के नोंदवले होते.

शेवटची तपासणी उरली होती. खरं तर ती सगळ्यात आधी करायची असते. भूकंप घड्याळ बघून येत नाही, म्हणून सगळे धक्के तासांप्रमाणे मांडून पाहायचे. खाणीतले सुरुंग असले की ते दिवसाढवळ्या एकाच वेळेला सापडतात, आणि मग त्यांना यादीतून नारळ द्यायचा. कदाचितरावाने मांडून पाहिलं आणि त्याची शीळ थांबली. सगळे धक्के सकाळी दहा चाळीसला. रविवारी एकही नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर धरणीमाता ठार झोपलेली.

त्याने फोन लावला. "ताई, मधली सुट्टी किती वाजता असते?"

"दहा चाळीस. का रे?"

सव्वातीनशे पोरं जिना उतरून मैदानाकडे धावत होती आणि जिन्याखालचं यंत्र भूकंप लिहीत होतं. हे त्याला आधी का दिसलं नाही? कारण त्याला ते बघायचंच नव्हतं. शाळा तांबड्यात यावी असं त्याला मनातून वाटत होतं, आणि ज्याला जे हवं असतं त्याला तेच मोजताना सापडतं. कचेरीतल्या शिकाऊ मुलांना हे तो दरवर्षी शिकवायचा. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो शाळेत ताईच्या खोलीत गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

"मग कुणाला कळलंय?" ताई म्हणाली.

"मला कळलंय ना."

"तू माझा धाकटा भाऊ आहेस. तुला काय कळतं?"

"ताई, ही मुलांची धावपळ आहे. ती काढावीच लागणार. शाळा पिवळ्यात जाणार."

"आणि भिंत? ती पिवळी बघून उभी राहणार का?" ताईचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले. "खोटं असू दे. काम तर खरं होईल."

"आणि कुणी तपासलं तर? उद्या खऱ्या नोंदीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

त्याने धक्के काढले. शाळा पिवळ्यात गेली. ताईने बोलणं टाकलं. घरी जेवायला बोलावलं तरी ती वहिनीशी बोलायची आणि भावाला मीठ हवं असलं तर मिठाकडे बघून उसासा टाकायची. आठ दिवसांत तो अगदी खंगला.

या आठ दिवसांत एकच गोष्ट घडली. सुतकी चेहरा करून तो टाकून दिलेल्या नोंदी चाळत बसला. धावपळ संपल्यावरही इमारत थोडा वेळ हलत राहायची, सेकंदाला तीन झोके. मग त्याने रविवारच्या नोंदी काढल्या, ज्यांना दोन वर्षं तो कचरा समजत होता. शाळा रिकामी असताना जमीन आपली आपण बारीक थरथरत होती. तीही सेकंदाला तीनदा. जुनं दप्तर काढलं तेव्हा कळलं, शाळेखाली पूर्वी तळं होतं, ते भराव टाकून बुजवलेलं. नकाशा करताना मात्र खाली कठीण खडक आहे असं धरलं होतं, सगळ्यांच्याच खाली. झोपाळ्याला त्याच्याच तालात धक्का दिला की काय होतं, हे लहान मुलालाही ठाऊक असतं.

पट्टा कुठलाही असो, ही जमीन आणि ही इमारत एकाच तालाच्या होत्या.

त्याने हे मांडलेले कागद पाहून नगरपालिकेचे बांधकाम सभापती म्हणाले, "मला आकडे कळत नाहीत." हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की कदाचितरावाने त्यांना तिसऱ्या मजल्यावर नेलं. ताईही न बोलता वर आली. बाकी शाळा रिकामी करून मुलांना मैदानात भिंतीपासून लांब उभं केलं. कवायतीच्या सरांनी शिट्टी फुंकली आणि मुलांनी संथपणे पाय आपटले. वर काहीच झालं नाही. सभापतींनी घड्याळ पाहिलं. मग सरांनी ताल वाढवला, सेकंदाला तीन. आधी तावदानं कुजबुजली. मग खडू फळ्याच्या कडेवरून एकेक करून खाली पडले. मग सभापतींनी जे हाताला लागलं ते धरलं, आणि ती ताई होती.

"थांबवा," ते म्हणाले. "एवढीशी पोरं, आणि एवढं?"

"एवढीशी पोरं, म्हणून एवढंच," कदाचितराव म्हणाला.

"भूकंप कधी होणार?"

"ते मला सांगता येत नाही. उद्या होईल किंवा आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही दिसणार नाही. पण झाला तर ही इमारत उभी राहणार नाही."

सभापतींनी खाली आल्यावर जमिनीवर उभं राहूनच सही केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम सुरू होईल, सात महिन्यांनी. "तोवर शाळा चालू द्या," ते उदार होऊन म्हणाले. "अकरा वर्षं चाललीच की."

ताई जिंकली होती. भावाला वाटलं, आता ही हसेल. पण ती मैदानातल्या सव्वातीनशे मुलांकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. अकरा वर्षं ती ओरडत होती खरी, पण रोज सकाळी घंटा देऊन त्यांना आत तिनेच बसवलं होतं.

"सर," ती कवायतीच्या सरांना म्हणाली, "वर्गांतली बाकं काढायला लागा. मुलांना आत पाठवू नका, मोठी माणसंच आणतील. उद्यापासून वर्ग मैदानात."

"आणि पाऊस आला म्हणजे?" सभापतींनी विचारलं.

"भिजलेलं पोर पुसून घेता येतं, साहेब," ताई म्हणाली आणि पहिलं बाक उचलायला स्वतःच आत गेली.