बयाबाईचा हातगुण

"हिच्यावर हळद कुणी टाकली?"

कंपनीच्या माणसानं पिठाच्या गिरणीचं मागचं झाकण काढलं आणि बोटाला लागलेला पिवळा रंग सगळ्यांना दाखवला. दारात जमलेल्या बायका गप्प झाल्या. एरवी या बायकांना गप्प करायची गावात कुणाची छाती होत नाही.

"हळद न्हाई, भंडारा हाय," मंगल म्हणाली. "बिरोबाचा. नव्या वस्तूवर टाकत्यात की."

"तेच ते. मोटारीत पावडर गेली, मोटार जळाली. वॉरंटी बाद." त्यानं झाकण बसवलं, चहाला नको म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

मागच्या बाजूला शेळ्यांच्या गोठ्यात मंगलची सासू बयाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं. भंडारा तिनंच टाकला होता.

गिरणी घरगुती, चांगली कपाटाएवढी. बयाबाईचा एकुलता एक मुलगा रविराज मिल्ट्रीत. सुट्टीवर आला तेव्हा गावातली चक्की बंद पडली होती आणि म्हातारी डोक्यावर डबा घेऊन शेजारच्या वाडीला दळायला जात होती. ते काही त्याला बघवलं नाही. आटपाडीत नानासोंच्या दुकानात जाऊन त्यानं गिरणी ठरवली आणि तो ड्युटीवर गेला. मागाहून गिरणी आली. मंगलनं भंडाऱ्याचं ताट सासूपुढं धरलं, तशी बयाबाई दोन पावलं मागं सरली.

नवरा बिराप्पा गेल्यापासून बयाबाई नव्या वस्तूला पहिला हात लावत नसे. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, चार लोकांच्या नजरा बघून बाई आपोआप मागं उभी राहायला शिकते. पण मंगल पडली हट्टी. "घरात थोरल्या तुमी. तुमी न्हाई तर कोण लावणार?" म्हणत तिनं ताट सासूच्या हातात कोंबलं. मग बयाबाईनं चिमूटभर भंडारा गिरणीवर टाकला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हटलं, आणि किती वर्षांनी तरी ती मनापासून हसली.

गिरणी आठवडाभरही चालली नाही. जळका वास आला आणि बंद पडली.

कंपनीचा माणूस गेल्यावर शेजारची राहीबाई मंगलला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, वाईट वाटून घिऊ नगं. पर आसल्या कामाला सवाशीण लागती गं." राहीबाई मनानं वाईट नव्हती. तिचं हळू बोलणं मात्र तीन घरं ऐकत.

त्या दिवसापासून बयाबाई आणखीच मागं सरली. पुढच्या महिन्यात शेळी व्याली. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली, माळावर पावसापाण्यात किती कोकरं स्वतःच्या हातांनी बाहेर काढलेली ही बाई, पण गोठ्याच्या दारातूनच ओरडली, "मंगल, करडू तू उचल गं. माझा हात नगं."

मंगलच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं आधी नानासोंचं दुकान गाठलं.

"वहिनी, गिरणी माझ्या घरात तयार झाली व्हय? कंपनीनं हळद म्हटलं की मी काय बोलू?" नानासो म्हणाले.

रविराज फोनवर म्हणाला, "जाऊ दे की. पुढच्या सुट्टीत दुसरी घिऊ."

"दुसरी आणाल वो. तिला आत्या हात लावतील का?" मंगलनं विचारलं.

मंगल बारावी शिकलेली. तिनं ग्राहकांच्या हेल्पलाइनला फोन लावला, कंपनीला दोनदा कळवलं. उत्तर एकच, हळद. शेवटी तिनं सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथं वकील नसला तरी चालतो, आपलं म्हणणं आपण मांडायचं, हे कळल्यावर तिला हुरूप आला.

तारखेला दोघी एसटीनं निघाल्या. मंगलच्या मांडीवर गिरणीच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा होता आणि डोक्यात बेत.

"आत्या, तिथं इचारलं तर भंडारा टाकलाच न्हाई म्हणायचं. उडून बसला आसंल म्हणायचं."

बयाबाई तासगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "द्येवाचं नाव घिऊन टाकल्यालं न्हाई म्हणू? माझ्या तोंडनं ते व्हायचं न्हाई बघ."

मंगलनं कपाळाला हात लावला.

आयोगापुढं कंपनीचे वकील झोकात बोलले. ग्राहकानं यंत्रावर पावडर टाकली, चूक ग्राहकाची, कंपनीचा संबंध नाही. मग आयोगाच्या सदस्य बाईंनी बयाबाईकडं बघत विचारलं, "आजी, हळद तुम्ही टाकलीत का?"

बयाबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"व्हय. म्याच टाकली. मी इधवा बाई हाय. मालक गेल्यापासनं नव्या वस्तूला हात लावत न्हवते, सुनंनं लावाया लावला." ती एक पाऊल पुढं आली. "आता तुमी शिकल्याली माणसं. माझ्या हातानं बंद पडली आसंल तर तसं सांगा. न्हाईतर कशानं पडली ते सांगा. मला गिरणीबिरणी काय नगं, एवढंच सांगा."

वकिलांचा चेहरा खुलला. "ग्राहकानं कबूल केलंय, याची नोंद व्हावी," ते म्हणाले.

आता मात्र मंगलला राहवेना. पुठ्ठा दोन्ही हातांनी वर धरून ती उठली. "मॅडम, ह्ये वाचा. कंपनीनंच छापलंय. गहू, बाजरी, मिरची, हळद, सगळं दळा म्हणून! किलोनं हळद दळायची गिरणी आन् चिमूटभर भंडाऱ्यानं मरती व्हय?"

सांगलीत हळदीचे ढीग लहानपणापासून बघितलेली ती माणसं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळी खोली हसली. वकीलही ओठ दाबून कागदात बघू लागले. सदस्य बाई हसल्या नाहीत. त्यांची नजर बयाबाईवरच होती.

गिरणी तपासायला तज्ज्ञाकडे गेली. त्यानंतर दोन-तीन तारखा झाल्या, वकील कधी आले, कधी नाही आले. आषाढातल्या एका दुपारी निकाल लागला. बदली गिरणी द्यावी, झालेल्या त्रासाची भरपाई द्यावी. सदस्य बाईंनी हातातले कागद खाली ठेवले.

"आजी, भंडारा झाकणाच्या आतल्या बाजूलाच राहिला होता, मोटारीपर्यंत पोचलाच नव्हता. मोटारीतली तारच कारखान्यातून खराब आली होती. कुणीही पूजा केली असती तरी ती जळणारच होती. तुमच्या हाताचा काही दोष नाही."

बयाबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "आवं बाई, यकडाव परत सांगा की."

बाईंनी परत सांगितलं. मंगलनं तोंडाला पदर लावला आणि भर कचेरीत लहान पोरीसारखी रडली. बयाबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती फक्त सरळ उभी होती, इतक्या दिवसांत मंगलनं तिला एवढं सरळ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

नवी गिरणी नानासोंनी स्वतः टेम्पोतून आणली. ओशाळल्यासारखे ते बाजूला उभे राहिले. गल्लीतल्या बायका आपापले डबे घेऊन हजर झाल्या. मंगलनं या वेळी ताट कुणापुढं धरलं नाही. बयाबाई आपण होऊन उठली, कोनाड्यातला भंडारा घेतला आणि गिरणीवर टाकला.

राहीबाई बाजरीचा डबा काखेला मारून सगळ्यांत मागं उभी होती. तिनं डबा खाली ठेवला आणि बायकांतून वाट काढत पुढं आली. माफीबिफी काही मागितली नाही, ते तिच्या स्वभावात नव्हतं. बयाबाईपुढं येऊन ती वाकली आणि तिनं कुंकू लावलेलं कपाळ पुढं केलं.

"बयाक्का, मलाबी लावा."

बयाबाई घुटमळली. मग तिनं चिमटीत भंडारा घेतला, राहीबाईच्या कुंकवाच्या वर अंगठ्यानं ओढला, आणि नीट लागला का ते हनुवटी धरून उजेडाकडं वळवून बघितलं.