भास्करमची शपथ

माझ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून मला शपथ घालणारी बाई दुसरी कोणी नव्हे, माझी सख्खी अक्का. माझ्या गळ्यात, काखेत गाठी आल्या. तपासणीत लिंफोमा निघाला, म्हणजे त्या गाठींचाच कॅन्सर. त्यात डोळे पिवळे झाले, तशी अक्का गोदावरीपलीकडच्या वैद्याकडून कसलासा हिरवा रस घेऊन आली.

"वरहालू, कोणाला बोलायचं नाही हं. बोललीस की औषध बाटतं. भास्करमची शपथ!"

भास्करम माझा एकुलता एक. तो बिचारा भात कालवत होता. अक्काने माझा हात ओढून त्याच्या डोक्यावर दाबला.

"हे काय नवीन?" तो म्हणाला.

"गप जेव," मी म्हटलं.

राजमहेंद्रीला डॉक्टर हैमवतींनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. "अम्मा, लिव्हर बिघडलंय. आजार तिथवर पोचला असेल तर चौथी पायरी, म्हणजे शेवटची. मग औषध बदलावं लागेल. दुसऱ्या कशाने बिघडलं असेल तर गोष्ट वेगळी. झाडपाला, काढा, असलं काही घेता का?"

मी अक्काकडे पाहिलं. अक्का पंख्याकडे पाहत बसली.

"नाही," मी म्हणाले.

"मग सुईने लिव्हरचा तुकडा काढून तपासू."

घरी आले, पण अन्न गोड लागेना. बोलावं तर पोराच्या जिवाशी खेळ, न बोलावं तर माझ्या. मन मोकळं करायचं तर कोणापाशी? अक्कापाशी? तिनेच तर मला कोंडून बाहेरून कडी घातलेली! मेली माया करते ती अशी, की श्वास घ्यायला जागा नाही.

सुईच्या दिवशी हैमवती पुन्हा म्हणाल्या, "अम्मा, काही लपवलंत तर मी आंधळी होऊन औषध देईन."

माझा धीर सुटला. "रस घेते. हिरवा. रोज."

अक्का ताडकन उठून बाहेर गेली.

"अहो, मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला मुलगा आहे?" मी विचारलं.

त्यांना काही कळलं नाही. "रस आजपासून बंद. सुई मात्र घालावीच लागेल. रसाने बिघडलं की आजाराने, ते आता तुकडाच सांगेल."

सुई झाल्यावर उजव्या कुशीवर निजवलं. हलायचं नाही म्हणे. मी पूतरेकूची मिठाई करणारी बाई. उलट्या मडक्यावर तांदळाचे पापुद्रे काढण्यात जन्म गेला, हात कधी थांबले नाहीत. भास्करम मोटारसायकलवरून नारळपाणी आणायला गेला होता. तो येईना. भिंतीकडे तोंड, मागचं दार दिसेना, उठून बघायची सोय नाही.

"अक्का, पोरगा कुठाय गं?"

"मला काय विचारतेस? जीभ तुझीच सैल," परत येऊन बसलेली अक्का म्हणाली.

मी पडल्या पडल्या रडले, तेही न हलता.

तो आला. टायर पंक्चर झालं होतं! मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्या दिवसापासून गाडीची किल्ली माझ्या पदराला.

"अम्मा, मी काय कोंबडी आहे का डालून ठेवायला?"

"आहेस," मी म्हटलं.

रिपोर्ट आला. हैमवतींनी माझा हात हातात घेतला. "अम्मा, रसाने थोडी भर घातली असेल. पण तुकड्यात लिंफोमाच सापडलाय. आजार लिव्हरमध्ये शिरलाय."

"माझ्याच ना? नक्की?"

"हो, तुमच्याच. तुकडा तुमचाच होता."

छातीवरचा धोंडा उतरला माझ्या. शपथ मी मोडली होती, तिची भरपाई माझ्याकडूनच झाली होती. मी पदराची गाठ सोडली, किल्ली भास्करमच्या हातात दिली. "जा रे, नारळपाणी घेऊन ये. सावकाश ये."

मी हसतेय हे पाहून हैमवतींनी खुर्ची पुढे ओढली आणि चौथी पायरी म्हणजे काय, ते पहिल्यापासून सावकाश समजावायला लागल्या. त्यांना वाटलं, मला कळलंच नाही.

अक्काला कळलं होतं. ती तोंडात पदर कोंबून माझ्या पायाशी बसली होती.