एकदाच उघडणारी चिठ्ठी

आम्ही कोर्टाच्या कागदांचे अनुवाद करतो. पक्षकारांची भांडणं परक्या वेबसाइटवर जायला नकोत, म्हणून धाकट्या भावाने फळीखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर आमची स्वतःची चिठ्ठ्यांची सोय बसवली. मजकूर पेस्ट करायचा, लिंक मिळते, ती पाठवायची. 'वाचताच पुसा' अशी खूण केली, की चिठ्ठी एकदाच उघडते.

गेल्या आठवड्यात वकीलबाईंचा फोन आला. "अहो, तुमची चिठ्ठी कुणीतरी आधीच वाचलीय म्हणतंय." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या मशीनचा पासवर्ड फक्त धाकट्याकडे. शिवाय हल्ली फोन आला की स्वारी जिन्यात जाऊन बोलते. आणि परवा न मागता माझ्यासाठी चहा केला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोर हे, म्हणून तर जास्त संताप आला.

सरळ विचारायचं सोडून मी सापळा लावला. वकीलबाईंना आधी कल्पना दिली, मजकूर फाइलमध्ये लिहिला आणि कॉपी करून चिठ्ठीत पेस्ट केला: 'भावाचा भरवसा राहिला नाही. महिनाअखेर त्याला काढते. दुसरा माणूस बघून ठेवा.' लिंक तिथल्याच 'पाठवा' बटणाने मेसेजवर धाडली. बाईंचा लगेच फोन, "हीसुद्धा गेली." मी धाकट्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ढिम्म. पठ्ठ्या पेन्सिलीला टोक काढत होता. काय बेरकी माणूस आहे, मी मनात म्हटलं.

दुपारी बाईंनी न राहवून त्यालाच फोन करून तक्रार सांगितली. त्याने मशीनवरची नोंद उघडली आणि कपाळावर हात मारला.

"ताई, तू लिंक पाठवलीस की मेसेजचं अ‍ॅपच ती उघडून बघतं, खाली झलक दाखवायला. मशीनला वाटतं, कुणीतरी वाचली. चूक माझीच. उघडण्याआधी विचारायची सोय मी बंद ठेवली होती."

"म्हणजे कुणीच वाचत नव्हतं?"

"कोण वाचणार? इथे तू आणि मी."

मला इतकं हायसं वाटलं, की त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. त्याने सेटिंग बदललं, मशीन पुन्हा सुरू केलं. "आता चाचणीला काहीही पाठव मला."

मी खुशीत पेस्ट केलं, खूण केली, लिंक धाडली. त्याच्या फोनवर 'चिठ्ठी उघडायची का?' असं आलं. त्याने हो म्हटलं आणि वाचू लागला. एवढ्याशा चाचणीला इतका वेळ का लावतोय? मग आठवलं, सकाळी सापळ्याचा मजकूर कॉपी केल्यापासून मी दुसरं काही कॉपीच केलं नव्हतं.

"अरे, ते खरं नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

काय सांगणार? सापळा होता म्हणावं, तर मी तुला चोर समजत होते हे कबूल करायचं. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने फोन खिशात टाकला.

"सेटिंग बरोबर चाललंय," तो म्हणाला. "नवा माणूस कधी येतोय? त्याला शिकवून जातो."