दहापैकी तीन

रिकाम्या खुर्च्यांची अख्खी रांग समोर असताना बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. नवरा ऐसपैस बसला होता, मांडीवर रिपोर्टांची फुगलेली पिशवी घेऊन.

"अगं, बस ना. लोक बघतायत."

"बघू देत. बसलं की जास्त दुखतं."

ओटीपोटातलं हे दुखणं धाकटा शाळेत जायला लागला तेव्हापासूनचं. तो आता दाढी करत होता. एकानं गॅसच्या गोळ्या दिल्या, एकानं मन रमवायला सांगितलं, आणि शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी गर्भाची पिशवीच काढून टाकू म्हणजे कटकट मिटेल, असा निकाल दिला. सोमवार ठरला. त्याआधी आणखी एकाला विचारू, असं बाई म्हणाल्या तेव्हा नवऱ्यानं होकार दिला. खरेदी उरकल्यावर बायको अजून एक दुकान बघू म्हणते, तेव्हा नवरे देतात तसा.

आत डॉक्टर एक बाईच होत्या. चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती.

"कुठे दुखतं?"

"ओटीपोटात," नवरा म्हणाला.

"कधी?"

"पाळीत फार. एरवीही असतंच."

"तुम्हाला?"

"मला? छे!"

"मग ह्यांना बोलू द्या." डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. "शून्य ते दहा. किती दुखतं?"

"तीन."

नवरा दचकला. "तीन? मग तीनासाठी पिशवी काढतोय का आपण?"

"सगळ्या डॉक्टरांना तीनच सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"विचारलं त्यांना सांगितलं."

"काम काय करता?"

"गणित शिकवते. नववी-दहावीला."

"शाळेत हिला 'अर्धा मार्क' म्हणतात," नवऱ्याला राहवलं नाही. "उत्तर बरोबर असलं तरी पायरी गाळली की कापलाच."

डॉक्टरांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "दहा कशाला द्याल?"

"दहा मी कुणालाच देत नाही."

"बाळंतपणाला?"

बाईंनी खरोखर विचार केला. "दुसरं अडलं होतं. चिमटा लावून काढावं लागलं." थांबून म्हणाल्या, "साडेतीन."

नवऱ्यानं मांडीवरची पिशवी हळूच खाली ठेवली. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा तो मुकाट्यानं गेला.

तपासताना डॉक्टर प्रत्येक वेळी आधी सांगत होत्या, मग हात लावत होत्या. पोट झालं. मग आतून तपासू का, असं विचारून, हातमोजा घातलेल्या एका बोटानं त्यांनी एका बाजूला दाबलं. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच ते."

"हे गर्भाशय नाही. ओटीपोटाच्या तळाचा स्नायू आहे. दुखेल या धाकानं तो वर्षानुवर्षं आवळून बसलाय."

"सोनोग्राफीत तर काहीच नव्हतं."

"स्नायूचं दुखणं त्यात दिसत नाही. पाळीतल्या दुखण्याचं कारणही दर वेळी दिसतंच असं नाही. त्यासाठी गोळ्या देते. हा स्नायू सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्याकडे जा. वेळ लागेल. एवढ्यानं नाहीच भागलं, तर दुर्बिणीतून बघू."

"आणि पिशवी काढली तर?"

"पिशवी जाईल. हा इथेच राहील."

बाईंनी मान हलवली. ही पायरी त्यांना पटली.

"संबंधाच्या वेळी दुखतं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाई छताकडे बघत राहिल्या.

"हो."

"मिस्टरांना माहीत आहे?"

"त्यांना सगळं माहीत असतं," बाई म्हणाल्या. "एवढं सोडून."

गाडीपाशी आल्यावर बाईंनी पर्समधून फोन काढला.

"थांब, मी बोलतो हॉस्पिटलशी," नवरा म्हणाला.

"नको." पलीकडून कुणीतरी उचलला. "सोमवारचं ऑपरेशन रद्द करा. पेशंटच बोलतेय. कारण? कारण मला नको आहे."

त्यांनी पुढची सीट मागे पाडली आणि कुशीवर कलून बसल्या. नवऱ्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मला बाहेर पाठवून काय विचारलं?"

बाईंनी सांगितलं. वर्गात सांगतात तसं, एकेक पायरी, काही न गाळता. फक्त बघत होत्या त्या समोरच्या काचेकडे.

नवऱ्यानं लावलेली किल्ली परत काढली.

"मला वाटायचं, मीच नकोसा झालोय," तो म्हणाला. "म्हणून तर हॉलमध्ये झोपायला लागलो."

"तुमच्या घोरण्यानं माझी झोप मोडते म्हणून, असं म्हणाला होतात."

"काहीतरी सांगायला हवं होतं. मी कुठे घोरतो?"

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.