ठळक अक्षरं

"जानेवारीत तुम्हाला फेरतपासणीला बोलावलं होतं. आला का नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं. जुलै चालू होता.

माझी बायको मल-सुन माझ्याकडे बघायला लागली. "आम्हाला काही आलंच नाही हो."

"तपासणी केंद्राने मेल पाठवली होती. पत्ता तुम्हीच लिहून दिलेला आहे."

पत्ता दुकानाचा होता. जानेवारीत मल-सुनच्या पोटातली गाठ काढता आली असती. आता ती यकृतात पसरली होती.

तोंग्योंगच्या बंदरावर आमचं सुक्या मासळीचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच. मल-सुनला माझ्या पत्त्यांच्या खेळांचा वैताग, मला तिने पडद्यावर लावलेल्या फुलांचा. म्हणून आमच्या मुलीने, एरानने, दोघांची खाती वेगळी करून दिली. ऑर्डरी मात्र दोघांनाही दिसायला हव्यात, म्हणून मेलचा प्रोग्रॅम दोन्ही खात्यांत एकच ठेवला. एकाने तो बंद केल्याशिवाय दुसऱ्याला उघडायचा नाही.

"एरानचे बाबा, परत उघडा टाकून गेलात ना?" ती दुकानातून ओरडायची. "एक दिवस शटरही उघडं टाकाल."

"आणि काल तू मला अर्धा तास बसवलंस ते?"

"तुम्ही बसलेलेच असता. मी काय बसवणार!"

नियम तिनेच घातला होता. ठळक अक्षरांतली मेल अजून कुणी बघितलेली नाही. बारीक अक्षरांतली दुसऱ्याने बघितली आहे, तिच्यात डोकं घालायचं नाही. काम उरकलं की ती 'झालं' नावाच्या कप्प्यात टाकायची.

जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या चांद्र नववर्षाच्या सणाआधी भेटीच्या पेट्यांना फार मागणी असते. पडद्यावर ठळक ओळींचा ढीग लागला की मला धडधडायचं. संध्याकाळी मी खालचा बाण दाबत सगळ्या ओळींवरून जायचो; ज्या ओळीवरून जाईन ती बारीक व्हायची. ऑर्डर दिसली तर कागदावर उतरवायची, बाकीच्या जाहिराती समजून सोडायच्या. सगळ्या ओळी बारीक झाल्या की दुकान झाडून काढल्यासारखं वाटायचं.

दवाखान्यातून आलो. मल-सुन तांदूळ धुवायला गेली आणि मी मेल उघडली. अठरा जानेवारी. 'फेरतपासणीसाठी त्वरित यावे.' अक्षरं बारीक होती. मी बाण दाबत त्या ओळीवरून पुढे गेलो होतो. मल-सुनने ती बारीक बघून सोडून दिली असणार, नियमाप्रमाणे.

मी ती मेल कचऱ्यात टाकली.

"सापडलं काही?" तिने विचारलं.

"नाही. आलीच नसेल."

"बरं. हात धुवा, जेवायला बसू."

ऑगस्टच्या शेवटी तिला दवाखान्यात ठेवलं. मी रोज भाताची पेज भरवायचो, पाय चेपायचो. रोज ठरवायचो, आज सांगायचं. एकदा तिने चमचा अडवला.

"एरानचे बाबा, काही सांगायचंय का?"

"मीठ कमी पडलंय का?"

तिने चमचा तोंडात घेतला. "मीठ ठीक आहे," म्हणाली.

नोव्हेंबरात ती गेली.

डिसेंबरात नेहमीच्या गिऱ्हाइकांना दुकान बंद असल्याचं कळवायला बसलो. त्यांचे पत्ते काढायला 'झालं' कप्पा उघडला. ऑर्डरींच्या मध्ये तपासणी केंद्राची मेल होती. मी ती तिथे ठेवली नव्हती, कचऱ्यात टाकली होती. त्या प्रोग्रॅमला हात लावणारी माणसं दोनच. दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी ती कधीतरी कॉम्प्युटरवर बसली असणार. म्हणजे चमचा अडवला तेव्हा तिला ठाऊक होतं. ती मला बोलायची संधी देत होती आणि मी मिठाचं विचारलं.

एरान दर रविवारी फोन करते. "बाबा, त्या केंद्राविरुद्ध तक्रार करायलाच हवी. मेल पाठवली म्हणून खुशाल थापा मारतात!"

"बघू," मी म्हणतो.

काल तिने तक्रारीचा मसुदा मेलने पाठवला आणि खाली माझी सही हवी असं फोनवर सांगितलं. तो अजून ठळक अक्षरांत पडून आहे.

मल-सुनची माफी मागायची राहिली. एरानला मी अजून काही सांगितलेलं नाही.